उतरायची वाट

मामा डोळे मिटून होडीच्या डेकवरून तळवा फिरवायचे आणि मध्येच एका जागी थांबायचे. "हितं अजून गुळगुळीत हाय. हितं रंग धरनार नाय." झालं! माझ्या नवऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. सकाळपासून घासून घासून खांदे त्याचेच गेलेले असायचे ना.

मामा हे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, पण सानपाड्याचा आमचा अख्खा कोळीवाडाच त्यांना मामा म्हणायचा. लाकडी डेकवर फायबरचं कापड आणि इपॉक्सी नावाची राळ चढवायची पद्धत आली, तेव्हा सगळे हरखून गेले, काय ती लकाकी! मामांना मात्र तीच खुपायची. इपॉक्सीवर येणारा मेणचट थर आधी पाण्याने, काथ्याने धुवायचा, मग पॉलिश पेपरने घासून सगळी चकाकी घालवायची, तेव्हा कुठे प्रायमर, मग रंग. ओल्या रंगावर बारीक रेती भुरभुरायची, म्हणजे पाय सरकत नाही. कोणी मागे लागलं की म्हणायचे, "घाई हाय? मंग भिंत रंगव. भिंतीवर कोन चालत नाय."

एकदा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, रंगाच्या आदल्या दिवशी नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला आणि तेलाचा हात तिथेच पुसला. दुसऱ्या दिवशी त्या जागी रंग बसेचना, नुसता फाटत गेला. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "ताये, देवाला त्याल आवडतं, रंगाला नाय. पूजा मागनं कर गो." सासूबाई तोंड फुगवून बसल्या. मामांनी मुकाट्याने ती जागा धुतली, पुन्हा घासली आणि संध्याकाळी बहिणीला तिच्या आवडीची खाडीतली निवटी मासळी आणून दिली. तेव्हा कुठे चूल पेटली.

कामाला हात घालायच्या आधी ते शिडी लावलेल्या मागच्या टोकाकडे बोट करायचे. "उतरायची वाट आदी ठरव. मंगच डबा उघड." नाळीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत शिडीपाशी यायचं, हा त्यांचा नेम.

पुढे ते विसरायला लागले. बाजारातून मासे आणायचे आणि पुन्हा पिशवी घेऊन निघायचे. तळोज्याला कारखान्यात असलेला त्यांचा मुलगा न्यायला आला, तर मामा अडून बसले. खाडी सोडून चौथ्या मजल्यावर? छे! शेवटी म्हणाले, "भाच्याच्या होडीचा डेक रंगवतो. बिघडला तर येतो तुज्यासंगं. नीट झाला तर परत इषय काढायचा नाय." मुलगा कबूल झाला. मी काय नवस बोलले ते माझं मला ठाऊक. हा माणूस इथून गेलेला मला बघवणार नव्हता.

त्या सकाळी मी चहा घेऊन गेले. होडी किनाऱ्यावर ओढलेली, वर ताडपत्री. मामा नाळीच्या टोकावर उभे, हातात ब्रश, आणि शिडीपासून त्यांच्या पायापर्यंत सगळा ओला हिरवा रंग! उलट्या टोकाकडून सुरुवात केली होती त्यांनी.

"मामा, पुढून शिडी लावते, थांबा!"

"नको. शिडी टेकली का काठाचा रंग खरवडंल."

"मग या चालत. पुसून घेऊ नंतर."

"सुकू दे," म्हणाले आणि तिथेच मांडी घालून बसले.

दिवसभर बसले हो! मी काठीला पिशवी बांधून भाकरी वर दिली, पाणी दिलं. नवरा आला तर त्याला दटावून घरी पाठवला. ऊन कललं, रंग पायाला लागेनासा झाला, तेव्हा बसल्या जागेवर उरलेला रंग लावून अनवाणी, हलक्या पावलांनी खाली आले.

संध्याकाळी मुलाने डेक पाहिला. कुठे डाग नाही, ठसा नाही. तो पडल्या आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही जिंकलात. राहा इथेच." माझा जीव भांड्यात पडला. आणि मामा म्हणतात, "डेक नीट झाला. पन मी येतो. उतरायची वाट इसरला, त्या मानसानं दुसऱ्याची होडी हातात घ्यावी नाय." मी पदर तोंडाला लावून रडले. सांगायला कसली लाज?

तो डेक अजून धरून आहे. परवा मी तळोज्याला गेले, तर मामांनी मला ओळखलं नाही. मुलाने दोनदा सांगितलं, तरी ते खिडकीबाहेरच बघत होते. मी जवळ बसून त्यांचा हात हातात घेतला. मासे कापून, जाळी ओढून माझ्या हातांची साल किती खरखरीत झालीये ते मलाच माहीत. मामांनी माझा तळवा उलटा केला, डोळे मिटले आणि त्यावरून सावकाश अंगठा फिरवला.

"नीट घासलंय," म्हणाले. "आता लाव रंग."