सासूबाईंची माळ आणि करवंदाचा शिरका

लेक पुण्याकडं एका कोरियन कंपनीत नोकरीला. सुट्टीला येताना तिनं एक बाटली आणली, आत लालजांभळं पाणी. कोरियातल्या बाया म्हणे रानफळांपासून हे व्हिनेगर करतात, जेवणावर गार पाण्यात घालून पितात, काकडीवर शिंपडतात. सासूबाईंनी बोट बुडवून चाटलं.

"अगं बया, ह्यो तर शिरका! चौसाळ्याच्या हाटेलात कांद्यावर घालत्यात त्योच. त्यासाठी कोरियाला कावून जायाचं?"

झालं! आमच्या बचत गटाच्या डोक्यात किडा वळवळला. साल दुष्काळाचं. जनावरं छावणीत, म्हणून दूध सोसायटीची खोली कुलूपबंद. चेअरमन माझ्या सासऱ्यांचा भाचा, त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. पाऊस असो नसो, धारूरच्या डोंगरात करवंदं पिकतातच. काट्यांनी हात ओरबाडून घेत पाट्या भरल्या. रांजण तर घरोघर कोरडेच बसलेले, ते सोसायटीच्या खोलीत आणून मांडले. करवंदं ठेचून गूळ घातला, बाटलीतलं उरलेलं विरजण म्हणून ओतलं आणि लोणच्याच्या बरणीला बांधतो तसं वरून फडकं बांधलं.

आधी फेस आला. मग असा उग्र वास सुटला की गल्लीभर बोभाटा, बाया दारू पाडायल्यात! एक दिवस सासूबाई आणि आम्ही बाया खोलीत असताना चेअरमन चार माणसं घेऊन दारात.

"मामी, सोसायटीच्या खोलीत असले धंदे? किल्ली द्या इकडं. आन् रांजण ओता रस्त्यावर."

किल्ली त्यानं माझ्या हातातून घेतलीच. राग असा आला मला! पण बोलू काय? लेक फोनवर म्हणाली होती, आधी त्याची दारूच होते, मग पुढं शिरका. पुढं म्हणजे कधी, ते रांजणालाच ठाऊक.

सासूबाई पुढं झाल्या. "आण गं वाटी."

"आत्याबाई, नका," मी सासूबाईंच्या कानात म्हणाले. "झाला नसला अजून तर?" त्या माळकरी. दारू ओठाला लागली की गळ्यातली माळ गेली.

त्यांनी माळ मुठीत धरली. "दारू निघाली तर ही हितंच काढून ठिवते," म्हणाल्या आणि वाटी तोंडाला लावली.  त्यांनी डोळे मिटले, अंग शहारलं.

"शिरकाच हाय. दात आंबले."

"मामी, तुमाला काय कळतंय दारूतलं?" चेअरमन हसला. मागची माणसंही हसली.

"तुझ्या मामाच्या तोंडाचा वास जल्मभर घेतलाय म्या. आन् मला इच्यारतो व्हय?"

 इतक्या वर्षांत सासऱ्यांच्या पिण्याबद्दल त्या चारचौघांत पहिल्यांदाच बोलल्या होत्या. बायांपैकी कुणीतरी माझा हात घट्ट धरला.

चेअरमननं सासूबाईंच्या हातातली वाटी घेतली. स्वतःच रांजणात बुडवली आणि एका दमात प्यायला. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

"लई आंबट हाय, मामी," म्हणाला आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.