दूध सुटल्याची चौकशी

ती भाकरी मला आजही आठवते, आणि आठवली की पदरात तोंड लपवावंसं वाटतं. सबंध नोकरीत एकच पुरावा मी स्वतःच्या डोक्याने मिळवला, आणि तोही मला नीट बघता आला नाही.

अकोटच्या ठाण्यात माझा नवरा शिपाई होता. तो गेल्यावर जमादारांनी मला बायकांची झडती घ्यायला ठेवून घेतलं. वय बावीस, पदरी लेकरू नाही, ऐट मात्र फौजदाराची. परमुलखात कुठेतरी लढाई चालू होती म्हणून त्या वर्षांत आमच्या कापसाला सोन्याचा भाव होता. रस्ताभर गाड्या आणि ठाण्यात रोज मारामाऱ्या. त्यातच हे प्रकरण आलं.

एका कुणब्याने बायकोशी काडीमोड घेतला होता. पंचांनी ठरवून दिलं होतं, मुलगी अंगावर पिते तोवर आईजवळ, दूध सुटलं की बापाची. मुलगी चार वर्षांची झाली तरी आई म्हणे, अजून पिते. मग एक दिवस शेजारणीने ठाण्यात येऊन खबर दिली, "पोरगी वावरात हुरडा खाऊन राहिली जी. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं."

जमादार डोकं खाजवत बसले. चोरीचं कलम त्यांना पाठ, दंग्याचं पाठ. दूध सुटल्याचं कोणाला ठाऊक? शेवटी माझ्याकडे वळले. "बाई, हे तुहं काम."

मी आईला आणि मुलीला सकाळपासून ठाण्याच्या ओसरीवर बसवलं आणि जबाब घ्यायला लागले.

"पिते?"

"पिते."

"कवा?"

"तिले वाटीन तवा."

मुलीला विचारलं तर तिने बाहेरच्या बैलाकडे बोट दाखवलं. त्यातून काय समजायचं, हे मला अजून कळलेलं नाही. दुपार कलली तेव्हा मला युक्ती सुचली. ठेचा लावलेली भाकरी मी मुलीपुढे ठेवली. ती आईकडे बघत राहिली. आईने ठेचा पुसून काढला, भाकरी पाण्यात कुस्करली आणि ताटली पुढे सरकवली. मुलीने चाटूनपुसून खाल्ली. मी धावतच आत गेले. "सुटलं जी, दूध सुटलं."

जमादारांनी बापाला बोलावणं धाडलं, त्याने येऊन मुलीला गाडीत बसवलं. आई रिकामी ताटली पुसत राहिली. मला वाटलं, लबाडी उघडी पडली म्हणून मान वर करत नाही.

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी बाप मुलीला घेऊन परत हजर. तिच्या केसांत कापसाचे पुंजके, गाल बसलेले.

"घर आढ्यापावतर कापसानं भरलं जी, पन हे धड काई खात नाई. तुमी इथं काय चारलं होतं?"

मी पुन्हा भाकरी ठेवली. मुलीने तोंड फिरवलं. माझी अक्कल तिथेच संपली. मग दूध सुटलं होतं की नव्हतं? जमादारांनी आईला वावरातून बोलावून घेतलं. कापूस वेचून टाकायची ओटी पोटाशी तशीच बांधलेली. तिने खाली बसून भाकरी कुस्करली. मुलगी जेवली. बाप बघत होता.

जमादार म्हणाले, "हक्क तुहाच हाये बाप्पा. ने."

"हक्क माहाच ठेवा जी, पन लेक तिच्यापाशी राहू द्या. म्या काय कराचं थे सांगा."

"बाजाराच्या बाजारी तिच्या दारात ज्वारी नेऊन टाकाची. आन् तिथंच बसून भाकर कुस्कराले शिकाचं."

हे कोणत्या कायद्यात बसलं, देव जाणे, पण त्याने ते पाळलं. कोण जिंकलं हे मला आजही सांगता येणार नाही. एवढं मात्र झालं, पुढे कोणाचीही चौकशी असो, मी आधी विचारायची, जेवलात का.

जमादारांनी निवाडा दिला त्या दिवशी मुलीची आई निघाली तेव्हा मी तिला अडवून विचारलं, "तवा तू भाकर चारली नसती तं तुहंच खरं ठरलं असतं. कावून चारली?"

तिने मुलीला कडेवर घेतलं.

"सकायपासून ठान्यात बसून होतो बाई आमी. लेकरू उपाशी होतं."