दोन कोसांची सभा

खडकेवाडीच्या मष्णू आप्पांनी उभ्या आयुष्यात कुणाला ‘न्हाय’ म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. एकदा दोन शेजाऱ्यांनी एकाच दिवशी त्यांची बैलजोडी मागितली. आप्पांनी दोघांनाही ‘व्हय’ म्हटलं आणि एकेकाला एकेक बैल देऊन मोकळे झाले. दोन्ही रानं तशीच पडून राहिली. स्वतःच्या लग्नात तर पाळकांचा प्रश्न पुरता व्हायच्या आतच त्यांनी ‘व्हय’ म्हणून टाकलं होतं. तो एक ‘व्हय’ मात्र त्यांना लाभला.

त्या ‘व्हय’चं नाव बायाक्का. आप्पांच्या वाटणीचं बोलणंही तीच बोलायची. उजवा पाय लहानपणापासून अधू, पण जिभेनं ती भरपाई पुरेपूर केली होती. वाडीतल्या ख्रिस्ती मंडळीची घरं जेमतेम अकरा. त्यांचं देऊळ म्हणजे मातीच्या चार भिंती, वर कौलं आणि घंटेच्या जागी टांगलेली गाडीच्या चाकाची लोखंडी धाव. दर शनिवारी बायाक्का बसल्या बसल्या मागं सरकत ते सारवायची आणि सारवत सारवत दारातून बाहेर पडायची. दुसऱ्या कुणी सारवलेलं तिला पटत नसे.

सेहेचाळीस साली मिशनचे गोरे साहेब परतीच्या तयारीला लागले. आता आपलं आपण कसं चालवायचं, हे ठरवायला बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्या सगळ्या मंडळ्यांची सभा निपाणीला भरली. पाळक मोजके, वाड्या फार. तेव्हा लहान मंडळ्यांनी आपली उपासना बंद करून रविवारी निपाणीला यावं, अशी सूचना आली होती. खडकेवाडीतर्फे जायचं होतं मष्णू आप्पांना.

“ऐकताय न्हवं?” बायाक्का म्हणाली. “ह्या पायानं मी निपाणी गाठंपर्यंत दुसरा ऐतवार उजाडंल. तवा सभेत उभं ऱ्हावा आन् एकदा, फकस्त एकदा, न्हाय म्हणा. म्हणाल न्हवं?”

“व्हय.”

“झालं! हितंच सुरवात झाली!”

सभेची रीत मोठी सुंदर होती. हात मोजायचे नाहीत. सगळ्यांनी मन मोकळं करायचं, मग शांत बसून देवाची इच्छा शोधायची आणि सगळ्यांचं एकमत होईल तेच ठरवायचं. रीतीत खोट नव्हती, खोट जागेत होती. निपाणीच्या देवळाचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं म्हणून एका भल्या व्यापाऱ्यानं आपली तंबाखूची वखार आदल्या दिवशीच रिकामी करून दिली होती.

बोलणं होतं तोवर ठीक चाललं. बेळगावचे जयवंतराव तर इतकं खणखणीत बोलले, की आढ्यावरची तंबाखूची धूळ खाली उतरून त्यांचं ऐकायला बसली. मग पाळक शमुवेलराव हात जोडून म्हणाले, “आता आपण शांत बसू.”

पहिली शिंक चिकोडीची. तिला बेळगावनं उत्तर दिलं. बघता बघता सगळी वखार शिंकायला लागली. धोतराचे सोगे, पदर नाकाला लागले. तीनदा शांतता मांडली, तिन्ही वेळा ती उधळली. शमुवेलरावांचा ‘आमेन’ एकदा मधोमध दोन तुकडे होऊन बाहेर आला.

“शांततेचं राहू द्या,” जयवंतराव डोळे पुसत म्हणाले. “लहान मंडळ्या निपाणीत मिळवायच्या. कुणाची हरकत? काय मष्णू आप्पा, बरोबर ना?”

उत्तर सगळ्यांना ठाऊकच होतं. आप्पा उभे राहिले. ‘व्हय’ ओठांवर आला, तो त्यांनी कसाबसा गिळला. ‘न्हाय’ काही केल्या वर येईना. कपाळाला घाम फुटला. शेवटी तोंडातून निघालं ते तिसरंच.

“आमच्या देवळात शिंका येत न्हाईत. कालच सारवलंय. समदी तिकडंच चला की.”

आणि घाबरून मटकन खाली बसले.

सगळे हसले. शमुवेलराव मात्र लाल झालेलं नाक पुसत उठले. “चला,” म्हणाले. “किती लांब आहे, आप्पा?”

“ह्ये काय, हितंच.”

आमच्याकडचं ‘हितंच’ दोन कोसांचं असतं, हे चिकोडीकरांना ठाऊक होतं. बेळगावकर शहरात राहून विसरले होते. निम्म्या वाटेपर्यंत मंडळी बोलत होती. पुढं ओढा लागला आणि जयवंतरावांचे बूट पायांतून हातात आले.

“आलं का, आप्पा?”

“हितंच.”

चढावर तर प्रश्नही थांबले.

तीस माणसांच्या पुढं आपला नवरा येताना पाहून बायाक्का दारात थिजली. “अवं, तुमास्नी न्हाय म्हणाय धाडलतं! ही काय वरात आणलीया?”

“आल्यात,” आप्पा म्हणाले.

“ते दिसतंय मला! जेवत्यात का?”

“व्हय.”

दळायला बसण्याआधी घरटी एक मूठ जोंधळा देवासाठी काढून ठेवायची वाडीची चाल होती. तो रांजण बायाक्कानं उघडला. “देवाचं हाय, देवाच्याच माणसास्नी खाऊ दे,” म्हणाली आणि शेजारणींना जात्यावर बसवलं.

देवळात गार जमिनीवर मंडळी टेकली. शांत बसा, असं कुणी सांगितलं नाही. बोलायला कुणात त्राणच उरलं नव्हतं. बाहेरून जात्याची घरघर तेवढी येत होती. तेवढ्यात पाण्याची घागर घेऊन बायाक्का आत आली. पाय ओढत, थांबत, एकेकाला पाणी देत ती फिरली. घासत जाणाऱ्या पायाचा आवाज सगळे ऐकत होते.

ती जयवंतरावांपाशी पोचली. त्यांनी आधी तिच्या पायाकडं पाहिलं, मग आपल्या टाचांवरच्या फोडांकडं.

“आक्का, तुम्ही दर रविवारी निपाणीला याल कशा?”

“यायची न्हाय, अण्णा. हितंच बसंन. हिथली जमीन मला वळखती.”

मग जयवंतराव अगदी हळू म्हणाले, “माझं चुकलं. ही वाट पाळकानं चालावी.”

“मी चालेन,” शमुवेलराव म्हणाले. “दर रविवारी नाही जमणार. एकाआड एक येईन. मधल्या रविवारी वाडीनं आपलं आपण चालवायचं. तुमच्यासारख्या बाकीच्या वाड्यांनाही हीच रीत.”

मग त्यांनी एकेकाला विचारलं. शेवटी पाळी आली आप्पांची, आणि त्यांचं उत्तर ठाऊक असूनही सगळे कान देऊन थांबले.

“व्हय,” मष्णू आप्पा म्हणाले.

भाकरी खाऊन पाहुणे गेले. देवळाच्या जमिनीवर तीस जणांच्या पावलांचा चिखल उमटला होता. बायाक्का उंबऱ्यावर बसून त्याकडं बघत राहिली.

“न्हाय म्हणाय गेलता,” ती म्हणाली, “आन् माझं सारवलेलं घालवून आलासा.”

आप्पा उंबऱ्याबाहेर आपल्या पायांचा चिखल पुसायला लागले.

“सकाळी शेण आणून द्याल न्हवं?”

“व्हय,” आप्पा म्हणाले, आणि तिला उठायला हात दिला.