बोडीखालच्या धानाचं वय

आमच्या घरच्या धानाचं वय मी काढलं, वडिलांना सांगितलं, आणि ते साफ चुकलं.

माझा धंदाच तो. दोन वाणांच्या डीएनएत किती जागी फरक आहे ते मोजायचं, एका पिढीत सरासरी किती बदल होतात त्याचं संख्याशास्त्रीय प्रारूप मांडायचं, आणि दोन्ही वाणं एकमेकांपासून कधी फुटली याचा अंदाज बांधायचा. आमच्या धानात फरक भरपूर निघाले. मी फोनवरच सांगून मोकळा झालो, "बाबा, आपलं वाण हजारो वर्षं जुनं आहे." अशा अंदाजात केवढी अनिश्चितता असते, ते सांगायचं राहिलं. फुशारकी मारायला मी संख्याशास्त्राच्या आधी शिकलो होतो.

धाकटा भाऊ त्या वर्षी सगळ्याच बांध्यांत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांत, नवं बियाणं लावणार होता. जुनं धान उंच वाढून आडवं पडतं, उताराही कमी. पण बाबांनी बोडीखालची, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्याला लागून असलेली, बांधी अडवून धरली. आल्यागेल्याला सांगत, "पोरगा मशीनवर पाहून सांगते, हजारो वर्सं जुना धान हाये."

"मंग इकाले नेऊ का म्युझियममंधी नेऊ?" भाऊ करवादला. पण हजारो वर्षांपुढे त्याचं चाललं नाही.

चूक सापडली ती दुसरंच काही तपासताना. आमच्या धानातले बरेचसे फरक जंगली धानाशी तंतोतंत जुळत होते. बोडीत जंगली धान आपोआप उगवतं, त्याचा पराग वाऱ्याने बांधीत येतो. तेव्हा हे फरक काळाने साचलेले नव्हते, शेजारून आले होते, आणि माझ्या प्रारूपात शेजाऱ्याला जागाच नव्हती. लहानपणी निंदणाच्या वेळी त्याच बांधीतून ते जंगली धान उपटून मी स्वतः बांधावर फेकलेलं! संकर धरून पुन्हा गणित केलं, तर हजारो वर्षांतली बहुतेक गळून पडली.

वरठी स्टेशनला उतरलो, ऑटोने घरी गेलो, आणि चहा यायच्या आतच सगळं सांगून टाकलं.  बाबा भावाला म्हणाले, "पुढच्या साली त्या बांधीतही तुह्यंच बियानं लाव."

भावाला आनंद व्हायला हवा होता. तो खाली मान घालून बसला.

"पण बाबा," मी म्हणालो, "वय कमी निघालं म्हणून धान काही वाईट..."

"तू आता चूप राह्य," तांदूळ निवडता निवडता माय म्हणाली. "इतकी वर्सं ते पेरूनच राहिले होते. त्याचं वय तुले इचारलं होतं कोनं?"