बाधित

सर्वेक्षणाला आलेल्या साहेबांनी आमच्या भिंतीवर लाल फुली मारली. परदेशातल्या विकास बँकेच्या कर्जातून आमचा रस्ता रुंद होणार आहे. "तुमचं घर बाधित आहे," एवढं सांगून ते पुढे गेले.

आई दचकली. "घराला कुणाची बाधा झाली गं?" म्हणत तिने मीठमोहऱ्या मुठीत घेतल्या आणि फुलीवरून उतरवल्या.

मला हसू आलं नाही. घर रस्त्याच्या मापात आलंय, हे मला कळलं होतं. अशा बँका गरीब देशांना कमी व्याजाने कर्ज देतात, त्यातून रस्ते आणि पाणी येतं, असं मी कॉलेजात शिकते. ते खरंही असावं. रस्ता झाला तर एसटी पावसाळ्यातही येईल. पण त्या धड्यात देश होते, घरं नव्हती. भरपाई मिळते म्हणतात, पण जागेचा कागद आमच्याकडे नाही. कुणाला विचारायचं, तेही मला ठाऊक नाही. घरात शिकलेली मी एकटीच.

चुलीत मोहऱ्या तडतडल्या. "बघ, केवढी बाधा होती! गेली आता," म्हणत आई निश्चिंतपणे भाकरी थापायला बसली. तिला खरा अर्थ सांगायला मी तोंड उघडलं, पण मग चुलीतलं लाकूड तेवढं पुढे सारलं.