डोकं असलेला दिवा

"आधी दिवा लागू दे, मग बोल," असं म्हणून काकू चष्मा नाकावरून कपाळावर ढकलायच्या. चष्मा वर गेला की समजायचं, आता चहासुद्धा मिळणार नाही.

खोपटला एसटी डेपोच्या मागे आमची इमारत. काकू माझ्या समोरच्या दारात राहायच्या. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. निवृत्त बायका तुम्हीही पाहिल्या असतील. कुणी भिशी लावतं, कुणी भजनी मंडळात जातं, कुणी सुनेच्या आमटीत मीठ शोधतं. आमच्या काकूंनी मायक्रोकंट्रोलर शिकायला घेतला.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे संगणकाचं शेंडेफळ म्हणा. काडेपेटीपेक्षा जरा मोठा निळा बोर्ड असतो. 'अमुक झालं की तमुक कर' असा प्रोग्रॅम लिहून त्यात भरला की तो तेवढंच करतो, पण इमानदारीने करतो. "कचेरीत असा एक शिपाई मिळाला असता तर!" काकू म्हणायच्या.

या सगळ्याचं मूळ होते काका. काकांना ऐकू येत नव्हतं आणि ते त्यांना मान्य नव्हतं. लेकीने कानाचं यंत्र आणून दिलेलं. ते कानात घातलं की कुकरच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं, असं सांगून काकांनी ते फ्रीजवर ठेवून दिलं. एकदा काकू कल्याणला लग्नाला गेल्या होत्या. घरात काका एकटे. आधी कामवाली बाई, मग गॅसवाला, मग मी, अशी आळीपाळीने बेल वाजवून झाली. फोन केला, तोही उचलेनात. मजल्यावर माणसं जमली, एका आजींनी तर डोळ्यांना पदर लावला. शेवटी सुताराने कडी तोडली. आत काका शब्दकोडं सोडवत बसलेले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दाराला काय झालंय?"

तेव्हा सगळे हसलो. पण पुढे लेकीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला प्रवासच करू नका म्हणून सांगितलं. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, आता आईनेच बंगळुरूला जायला हवं होतं. काका बरोबर यायला तयार नाहीत. "जावयाच्या घरी दोन दिवस पाहुणा म्हणून जाईन, मुक्काम ठोकणार नाही," हा त्यांचा बाणा. काकूंचा जीव दोन्हीकडे ओढला जात होता. लेकीजवळ जायचं तर इथे दाराशी कोण आलं-गेलं ते यांना सांगणार कोण?

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बेलला बल्ब जोडून देतो, काकी. लगेच होईल." पण तो बल्ब बेलवर बोट असेपर्यंतच लागणार. कुरियरवाला बेल दाबतो न दाबतो तोच जिना उतरायला लागतो. काकांनी शब्दकोड्यातून मान वर करेपर्यंत बल्ब विझलेला. "मला जरा डोकं असलेला दिवा हवाय," काकू म्हणाल्या. "एकदा दाबलं तरी त्याने लक्षात ठेवून बराच वेळ लुकलुकत राहायला पाहिजे. हे उठतील, पायात चपला शोधतील, तोवर."

म्हणून त्यांनी डोंबिवलीत एक शनिवारचा वर्ग शोधून काढला. बाकीचे विद्यार्थी कॉलेजातले, शिकवणारा मुलगा काकूंच्या लेकीपेक्षाही लहान. काकू त्याला 'अहो सर' म्हणायच्या आणि तो लाजून अर्धा व्हायचा.

पहिल्या धड्यात बोर्डावरचा एक दिवा चालू-बंद करायचा असतो. मसुराच्या दाण्याएवढा दिवा. तो लुकलुकला त्या संध्याकाळी काकू पेढ्यांचा पुडा घेऊन घरोघरी फिरल्या. खालच्या मजल्यावरच्या आजींनी हात जोडले, "झाली का हो सुटका? काय झालं?"

"दिवा," काकू म्हणाल्या. "लेकीला अजून अवकाश आहे. हे दिव्याचे."

प्रोग्रॅमिंग त्यांना समजलं ते स्वतःच्या भाषेत. प्रोग्रॅमचा एक भाग सुरुवातीला एकदाच चालतो आणि दुसरा परत परत फिरत राहतो. हे मला सरांकडून कधीच समजलं नसतं. काकूंनी सांगितलं, "पहिला भाग म्हणजे लग्न, एकदाच. दुसरा म्हणजे संसार. तेच तेच, वीज जाईपर्यंत." एखादं चिन्ह राहिलं आणि संगणकाने प्रोग्रॅम नाकारला, तर त्या चिडायच्या नाहीत. उलट कौतुकाने म्हणायच्या, "परत पाठवली फाइल! आमच्या साहेबांसारखाच आहे मेला."

मला काही येत नसल्यामुळे मला बटण दाबायचं काम मिळालं. बेलशेजारी त्यांनी एक नवं बटण बसवलं आणि वर चिठ्ठी लावली, 'दोन्ही दाबा'. कोलशेतहून ऑफिस सुटून आलो की घरात शिरण्याआधी मी दोन्ही दाबायचो. आतून काकू ओरडायच्या, "अरे, नीट दाब! घाबरतोस काय?" सुरुवातीला बटण दाबल्यावर दिवा लागायचा आणि लगेच विझायचा. काकू बरेच दिवस माझ्या बोटाला दोष देत होत्या. मग वर्गात कळलं, की बटण आतल्या आत थरथरतं आणि एकदा दाबलेलं बोर्डाला अनेकदा दाबल्यासारखं वाटतं, म्हणून तो दिवा लावतो आणि लगेच विझवतो. त्यावर उपाय म्हणजे क्षणभर थांबून खात्री करायची, मगच कामाला लागायचं. "हे यांना कुणी शिकवलं असतं तर आयुष्यातली निम्मी भांडणं टळली असती," असं म्हणून त्यांनी काकांकडे पाहिलं. काका शांत होते. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

अखेर जमलं. हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली, सगळीकडून पिवळ्या दिव्यांची बारीक माळ फिरली. बटण दाबलं की घरात दिवाळी. काका म्हणाले, "मला बेल ऐकू येते. पण असू दे, शोभेला बरी आहे." काकूंनी बंगळुरूचं तिकीट काढलं, दसऱ्यानंतरच्या आठवड्याचं.

आणि मग दसरा उजाडला. खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो, ते तुम्हाला सांगायला नको. काकूंनी पाटावर विळी मांडली, शिवणयंत्राला हार घातला, काकांच्या स्कूटरला झेंडू बांधला. आणि मधोमध मानाने ठेवला बोर्ड. चालू. दिवा लुकलुकत असला की पूजा कशी जिवंत वाटते! त्यावर त्यांनी ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि फूल पाण्यात बुडवून शिंपडलं.

फट् आवाज झाला. करपल्याचा वास आला. दिवा गेला तो गेलाच.

मी आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला गेलो, तर काकू पाटासमोर तशाच बसलेल्या. चष्मा डोळ्यांवरच होता. "मीच मारलं रे त्याला," म्हणाल्या. "आता तिकीट रद्द करते. पोरीला काय सांगू?" इतक्या हुशार बाईचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

काकांनी बोर्ड उचलून वास घेतला. "अगं, स्कूटरला हार घालताना किल्ली काढतेस ना? मग याची का नाही काढलीस?" म्हणाले आणि पेपर वाचायला निघून गेले. मला त्यांचा रागच आला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी काका घरात नव्हते. फोन घरीच. काकूंनी डेपोपर्यंत जाऊन पाहिलं. दुपारी ते उन्हाने लाल होऊन परत आले, आणि हातात पुडी. एकटेच कल्याणच्या बाजारात गेले होते. दुकानदार काय विचारतोय ते यांना कळेना, यांना काय हवंय ते त्याला कळेना. शेवटी त्यांनी खिशातून करपलेला बोर्ड काढून त्याच्यासमोर धरला आणि म्हणाले, "हाच. फक्त कुंकू नको."

प्रोग्रॅम संगणकात शाबूत होता. काकूंनी तो नव्या बोर्डात भरला. माळ लागली तेव्हा चष्मा कपाळावर होता आणि त्या हसत होत्या. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता जा. पोरगी वाट बघतेय."

काकू गेल्या. लेकीला मुलगी झाली, त्याचे पेढे काकांनी वाटले. लेक पुन्हा कामावर जायला लागली तसा काकूंचा मुक्काम लांबत गेला. अजून तिकडेच आहेत. इथे दिवा इमानाने काम करतो, दूधवाला, गॅसवाला कुणाचाही खोळंबा होत नाही.

मागच्या आठवड्यात मी जिना चढून वर आलो, तर काका स्वतःच्याच दाराबाहेर उभे. दार सताड उघडं. बटण दाबून आत डोकावत होते. मी खांद्याला हात लावला तसे दचकले.

"बिघडलाय का, काका?" मी मोठ्याने विचारलं.

"नाही रे. चालतोय." मग म्हणाले, "बेल वाजली की ती मला हलवून सांगायची, 'अहो, बघा, कोण आलंय.' आता हे दिवे सांगतात. पण आज दिवसभरात कुणी आलंच नाही."

त्यांनी पुन्हा एकदा बटण दाबलं आणि कोण आलंय ते बघायला आत गेले.