मीटरकाकांची दुसरी खुर्ची

मीटरकाकांकडे गाडी नव्हती, पण गाडी ठेवायची जागा होती. फ्लॅटबरोबर आली, म्हणून आली. ती नेमकी मीटर-रूमच्या भिंतीला लागून होती आणि हा योग काकांना लग्नाच्या मुहूर्तापेक्षा शुभ वाटायचा. एकतीस वर्षं त्यांनी दारोदार फिरून विजेच्या मीटरचे आकडे टिपले होते. निवृत्तीनंतर आकडे थांबले, काका थांबले नाहीत. लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला ते तळमजल्यावर गोष्ट सुरू करत आणि सातव्या मजल्यावर दारात पाय घालून पुरी करत. त्यामुळे बऱ्याच शेजाऱ्यांना जिने चढायची चांगली सवय लागली होती. काकूंनी तर केव्हाच सांगून टाकलं होतं, "माझं सगळं पाठ झालंय. आता बाहेर कोणी मिळतंय का बघा."

बाहेर कोणी मिळत नव्हतं. काकांचं एवढं एकच दुखणं होतं.

तोवर बिल्डिंगमध्ये सहा इलेक्ट्रिक गाड्या आल्या होत्या आणि चार्जिंगची सोय मात्र एकाही गाडीला नव्हती. तीन वर्षं ते घोंगडं भिजत पडलं होतं. कमिटीने उपसमिती नेमली. उपसमितीने मोबाइलवर जळत्या स्कूटरचा व्हिडिओ दोनदा पाहिला आणि नियम करून भिंतीवर लावला : 'चार्जिंग चालू असताना मालकाने गाडीशेजारी हजर राहावे.' चार्जर नव्हता, पण नियम होता, म्हणजे कमिटीच्या हिशेबाने निम्मं काम झालं होतं. दर मीटिंगला काका उभे राहून सांगायचे की बिल्डिंगला मंजूर लोड भरपूर आहे, सगळ्यांना चार्जर देता येतील, फक्त वाटणी नीट करा. ते उभे राहिले की सेक्रेटरी चहा मागवत.

शेवटी काकांनी अर्ज केला. स्वतःच्या जागेत, स्वतःच्या मीटरवरून, चार्जिंगचा एक सॉकेट हवा.

सेक्रेटरींना हसू आवरेना. "काका, गाडी कुठाय?"

"येईल कोणाची तरी."

ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याचं जळून जळून काय जळणार? अर्ज मंजूर झाला.

पहिल्या आल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. बाजारातल्या चार्जिंगच्या रांगेला त्या विटल्या होत्या. गाडीत बॅटरी नऊ टक्के होती, बोलण्यात गोडवा शंभर टक्के. काकांनी प्लग लावला, युनिट मोजायला छोटा मीटर जोडला आणि घडीची खुर्ची उघडली. मग दुसरी उघडली. बाई लिफ्टकडे वळल्या, तसं काकांनी भिंतीकडे बोट केलं.

"नियम तुमच्याच उपसमितीचा आहे, डॉक्टर. बसा."

साध्या सॉकेटवर गाडी सावकाश भरते. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या बाई तीन तास तोंड मिटून बसल्या.

महिन्याभरात सहाही गाड्यांचे वार ठरले. सेक्रेटरींनीही नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली, त्यांच्या वाट्याला गुरुवार आला. काका सांगत कुठलीही गोष्ट, कुत्रं मागे लागल्याची किंवा मीटर उलटा फिरणाऱ्या घराची, पण ती येऊन थांबायची एकाच जागी. "बिल्डिंगमध्ये वीज तीन फेजवरून येते. म्हणजे ओझं तीन खांद्यांवर असतं. सगळं एकाच खांद्यावर टाकलं की खांदा बसतो." सेक्रेटरी मान हलवत. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

काका आता रोज दाढी करत होते. इस्त्रीचा शर्ट पाहून काकूंनी विचारलंही, कामावर परत घेतलं की काय.

गाडीवाल्यांचे मात्र कान किटले होते. वीस टक्क्यांवर कोणीही समाधानी होऊन निघायचं. दोन महिन्यांनी मीटिंग भरली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ठराव मांडला : ज्याच्या त्याच्या जागेत ज्याचा त्याचा चार्जर. तीन वर्षं न हललेला विषय अकरा मिनिटांत, बिनचहाचा मंजुरीला आला. मालकाने हजर राहण्याचा नियमही जाता जाता काढून टाकला. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांनीसुद्धा हात वर केले. पुढेमागे घेतली तर काय घ्या.

"कोणाचा विरोध?" सेक्रेटरींनी विचारलं.

काकांचा हात उठला. खांद्यापर्यंत आल्यावर त्यांना आठवलं की तीन वर्षं आपणच हे मागत होतो. मग त्या हाताने त्यांनी कान खाजवला आणि हात मांडीवर ठेवला.

चार्जर बसले. दुसरी खुर्ची मिटून भिंतीला लागली. काका पहिल्या खुर्चीत बसून राहत. लोक गाडी लावत, प्लग टोचत, लांबूनच हात हलवत आणि पसार होत. काकांनी दाढी एक दिवसाआड केली. मग दोन दिवसांआड.

आठव्या दिवशी संध्याकाळी सगळ्या गाड्या एकदम चार्जिंगला लागल्या आणि खाट्कन ब्रेकर उडाला. एक तृतीयांश बिल्डिंग अंधारात गेली, लिफ्टही बंद पडली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये सेक्रेटरी भाजीची पिशवी घेऊन वीस मिनिटं उभे होते. सुटका झाल्यावर ते तडक काकांपाशी आले. कंत्राटदाराने सगळे चार्जर एकाच फेजवर टाकले होते.

"काका, हे आधी सांगायचं ना."

"दर गुरुवारी सांगितलं. तुम्ही मान हलवत होतात."

सेक्रेटरींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांच्या मागे डॉक्टरीणबाई येऊन उभ्या होत्या, त्यांच्यामागे आणखी दोघं. "मग आता काय करायचं? कसं वाटून घ्यायचं?"

काका उठले, भिंतीजवळची खुर्ची उघडली आणि रुमालाने आठ दिवसांची धूळ झटकली.

"आधी बसा," ते म्हणाले. "बाकीच्यांनी वरून आपापल्या खुर्च्या आणा."